बालीतील कारागिरांची गावे : दुकान नव्हे, चालू काम पाहायचे असेल तर कसे जावे?

निळी_घागर यांचा प्रश्न

नमस्कार. काही महिन्यांनी मी आणि माझी आई सहा दिवसांसाठी बालीला जाणार आहोत. समुद्रकिनारे आणि जलक्रीडा यांत आम्हा दोघींनाही फारसा रस नाही. आईने अनेक वर्षे हातमागाच्या कापडाचे काम जवळून पाहिले आहे आणि मी गेली तीन वर्षे लाकडावरील कोरीवकाम शिकत आहे, त्यामुळे तिथल्या कारागिरांच्या गावांसाठीच हा प्रवास करावा, असे आम्ही ठरवले आहे.

अडचण अशी की, प्रवासी कंपन्यांनी पाठवलेल्या प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत या विषयाला अर्धाच दिवस दिलेला आहे आणि त्या अर्ध्या दिवसात बातुबुलान, चेलुक, बातुआन, मास अशी चार गावे उरकून दुपारच्या जेवणाला उबुद गाठायचे आहे. जाऊन आलेल्या एका नातेवाइकांनी सांगितले की, त्यांनी या गावांत वातानुकूलित दालनांखेरीज काहीच पाहिले नाही. कारागीर खरोखर काम करत असताना पाहायचा असेल तर कोणत्या गावांना प्राधान्य द्यावे, कोणत्या वेळी जावे आणि मुख्य म्हणजे काहीही विकत न घेता कुणाच्या ओसरीवर तासभर बसून राहणे तिथे असभ्य मानले जाते का, हे कृपया सांगावे. आई एकाहत्तर वर्षांची आहे. ती सावकाश चालते, पण तिला पायऱ्या फार चढवत नाहीत.

कानस यांचे उत्तर

मी दोनदा जाऊन आलो आहे आणि पहिल्या खेपेस नेमकी तुमच्या नातेवाइकांचीच चूक केली होती, म्हणून सविस्तर लिहितो.

ही चारही गावे बालीची राजधानी देनपासारहून उबुदला जाणाऱ्या एकाच रस्त्यावर ओळीने येतात. ती एकत्र दाखवण्याचे खरे कारण इतकेच आहे. त्यांच्या कलांचा परस्परांशी फारसा संबंध नाही. रस्त्याच्या कडेची मोठी दालने बसगाड्यांसाठी बांधलेली असतात. दाराशी दोन-तीन माणसे नमुन्यादाखल काम करत बसलेली दिसतात आणि तुम्ही केलेल्या खरेदीतला काही वाटा बहुधा तुम्हाला घेऊन आलेल्या चालकाकडे जातो. म्हणून दिवसभरासाठी गाडी ठरवताना चालकाला आधीच स्पष्ट सांगावे की, दालनात थांबायचे नाही, गावाच्या तोंडाशी सोडायचे आणि दोन तासांनी तिथेच यायचे. एकदा मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीत शिरलात की चित्र पालटते. बाली बेटावरचे पारंपरिक घर म्हणजे भिंतीने वेढलेले आवार आणि आत निरनिराळ्या कामांसाठी बांधलेले छोटे, बहुतेक उघडे मंडप. त्यांतल्याच एखाद्या मंडपात काम चालते. पाट्या वाचत फिरण्यापेक्षा कान उघडे ठेवावेत. लाकडावर पडणारी मोगरीची लय भिंतीपलीकडूनही ओळखू येते.

बातुबुलानचे दगडी कोरीवकाम जाता जाता पाहिले तरी चालेल. तिथला पारास हा ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला दगड इतका मऊ असतो की, त्यावर टाकी सहज चालते. पण पावसाने आणि शेवाळाने तो लवकर झिजतोही. देवळांवरची शिल्पे त्यामुळे पिढीगणिक पुन्हा कोरावी लागतात. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात एकदा घडवलेली मूर्ती शतकानुशतके टिकते याचे आपल्याला कौतुक असते, परंतु बातुबुलानच्या पाथरवटांचा धंदा टिकून राहिला तो दगड टिकत नाही म्हणूनच, असे मला तिथे उभे असताना वाटले. रस्त्यालगत मांडलेल्या पुष्कळशा मूर्ती मात्र सिमेंटच्या ओतीव असतात.

चेलुक हे चांदीचे गाव. पूर्वी इथे पांडे म्हणजे धातुकाम करणाऱ्या कुळातील मोजकीच घरे दागिने आणि देवळांची उपकरणे घडवत असत; पर्यटन वाढल्यावर जवळजवळ सारे गाव चांदीकडे वळले. पाहण्यासारखे तंत्र म्हणजे ‘जावान’, अर्थात चांदीच्या सूक्ष्म मण्यांची नक्षी. तारेचे बारीक तुकडे कोळशावर ठेवून त्यांवर ज्योत सोडली की ते वितळताना आपोआप गोल होतात. मग चिमट्याने एकेक मणी उचलून पत्र्यावर बसवायचा आणि शेवटी डाख देऊन पक्का करायचा. डाख देईपर्यंत मणी जागच्या जागी राहावा म्हणून वापरायची पारंपरिक खळ गुंजेच्या बियांपासून करतात. आपल्या सोनारांनी पिढ्यान् पिढ्या वजनासाठी वापरलेली ती गुंज तिथे दुसऱ्याच कामावर रुजू झालेली पाहून मला मौज वाटली.

तुम्ही लाकडावर काम करत असल्यामुळे मासला मात्र निदान एक पूर्ण सकाळ द्या. ‘मास’ म्हणजे सोने, आणि गाव मात्र लाकडाचे. सोन्याचांदीचे गाव शेजारचे. इथली बरीच घराणी ब्राह्मण असून इदा बागुस न्याना आणि त्यांचे पुत्र इदा बागुस तिलेम (१९३६ ते १९९३) यांनी या गावाचे नाव जगभर नेले. न्यानांच्या लांबवलेल्या, नितळ आकृती आणि तिलेम यांनी वेड्यावाकड्या मुळाखोडांच्या मूळ आकाराला धरून केलेली शिल्पे त्यांच्याच नावाच्या संग्रहालयात पाहता येतात. ते आधी पाहून मग गल्ल्यांत शिरलात, तर आज केल्या जाणाऱ्या कामात काय टिकले आहे आणि काय नुसते गिरवले जात आहे, हे ओळखता येईल. कारागीर जमिनीवर मांडी घालून बसतो, लाकूड पायांच्या तळव्यांत धरून फिरवतो आणि डाव्या हातातली पटाशी दर मिनिटाला बदलतो. शेगडा किंवा पकड वापरण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांनी हे पायांचे काम नीट पाहण्यासारखे आहे.

मुखवट्यांविषयी एक सूचना. देवळातील पवित्र मुखवटे पुले या झाडाच्या लाकडाचे करतात. पुले म्हणजे आपली सातवीण. झाडाची अनुमती मागणारा विधी करून, शुभ दिवस पाहून लाकडाचा तुकडा घेतला जातो आणि मुखवटा पूर्ण झाल्यावर त्यात शक्तीचे आवाहन केले जाते. त्यामुळे ‘देवळात आहे तसाच द्या’ अशी मागणी करू नये. विक्रीसाठीचे मुखवटे निराळे असतात आणि त्यांत कमीपणा काही नसतो.

ताणाबाणा यांचे उत्तर

आईंना हातमागाची जाण असेल, तर सहा दिवसांतला एक अख्खा दिवस पूर्वेकडच्या तेंगानान पगरिंगसिंगान या गावासाठी राखून ठेवावा, असा माझा आग्रह आहे. देनपासारपासून हे अंतर साठ किलोमीटरहून थोडे अधिक आहे. चांदीदासाला मुक्काम केल्यास गाव अगदी जवळ पडते आणि पर्यटकांच्या गाड्या येण्यापूर्वी तिथे पोहोचता येते. वाहने वेशीबाहेरच थांबतात. आत जाण्यापूर्वी ऐच्छिक देणगी देऊन नाव नोंदवायचे असते. गाव लांबट आहे आणि डोंगराच्या बाजूने टप्प्याटप्प्याने चढत जाते, तरीही आईंना खालच्या अर्ध्या भागातच पुष्कळ पाहता येईल.

इथे विणले जाणारे गेरिंगसिंग हे कापड दुहेरी इकतचे असते. इकत हा आपण सर्रास वापरतो तो शब्द मुळात तिकडचाच आणि त्याचा अर्थ बांधणे. साध्या इकतमध्ये फक्त ताणा किंवा फक्त बाणा बांधून रंगवतात. दुहेरीत दोन्ही आधीच रंगवून घ्यायचे आणि विणताना उभ्या धाग्यावरचा डाग आडव्या धाग्यावरच्या डागाशी नेमका जुळवायचा. ही परंपरा जगात मोजक्याच ठिकाणी उरली आहे : आपल्याकडे पाटणचा पटोला आणि तेलंगणातील काही गावे, जपान आणि इंडोनेशियात एकटे तेंगानान. पटोला शतकानुशतके व्यापारातून त्या बेटांवर जात असे आणि तिथे त्याला राजवस्त्राचा मान होता. गेरिंगसिंगच्या काही नक्षींत पटोल्याची छाया स्पष्ट दिसते. फरक इतकाच की, पटोला रेशमाचा आणि हे जाडसर, हाताने कातलेल्या सुताचे.

रंगाची प्रक्रिया आईंना नक्की आवडेल. सूत आधी जंगली अक्रोडाचे तेल आणि लाकडाच्या राखेचे पाणी यांच्या मिश्रणात कित्येक आठवडे मुरवतात. त्यानेच सुताला पिवळसर झाक येते आणि पुढचा लाल रंग धरण्याची ताकदही येते. निळीचे काम तेंगानानमध्ये निषिद्ध असल्याने निळीच्या रंगासाठी सूत शेजारच्या बुगबुग गावी पाठवावे लागते. परत आल्यावर ते आल नावाच्या झाडाच्या मुळांच्या सालीच्या लाल रंगात पुन्हा पुन्हा बुडवायचे, वाळवायचे आणि मधे दीर्घ काळ नुसते ठेवून द्यायचे. निळ्यावर लाल चढून जो काळपट तपकिरी रंग तयार होतो, तो या कापडाची खूण आहे. या साऱ्यात दोन-तीन वर्षे सहज जातात, कधी त्याहून अधिक. विणकाम पाठीला पट्टा बांधून बसायच्या मागावर होते आणि एकेक बाणा टाकल्यावर विणकरीण टोकदार सुईने धागे सरकवून नक्षी जुळवत राहते. मी तासभर पाहत बसले होते, तेवढ्यात दोन बोटांइतकेही कापड पुढे सरकले नाही.

गेरिंग म्हणजे आजार आणि सिंग म्हणजे नाही. हे वस्त्र अंगावर असले की रोगराई आणि अनिष्ट दूर राहते, अशी श्रद्धा आहे आणि बालीच्या इतर भागांतही दात घासण्याच्या संस्कारासारख्या प्रसंगी ते वापरले जाते. दात घासणे म्हणजे वयात आल्यावर पुढच्या दातांची टोके कानशीने सपाट करण्याचा विधी, आपल्या सकाळचे काम नव्हे!

आता खरेदीबद्दल. गावातल्या दुकानांत टांगलेले सगळेच कापड गेरिंगसिंग नसते. एकेरी इकत आणि इतर बेटांवरून आणलेली वस्त्रेही तिथे विकायला असतात आणि विचारल्यास बहुतेक जण ते मोकळेपणाने सांगतात. पारख करायची तर दशांकडे पाहावे. न विणलेल्या ताण्याच्या टोकांवर बांधून रंगवलेल्या डागांच्या खुणा दिसल्या पाहिजेत, आणि कडेशी उलटणाऱ्या बाण्यावरही तशाच खुणा दिसल्या पाहिजेत. खऱ्या तुकड्याची किंमत लाखो रुपियात (रुपिया हे इंडोनेशियाचे चलन, आपला रुपया नव्हे) आणि मोठ्या वस्त्राची त्याहून कितीतरी पुढे जाते. तीन वर्षांच्या कामाची किंमत म्हणून ती ऐकावी आणि न परवडल्यास घासाघीस न करता आभार मानून पुढे जावे.

त्याच गावात ताडपत्रावर कोरून चित्रे काढणारेही भेटतील. छोट्या सुरीने रेषा कोरायची आणि जाळलेल्या जंगली अक्रोडाची काजळी त्यावर चोळून पुसून टाकायची. रेषेत तेवढी काळी राहते. आईंसाठी हे काम सावलीत बसून पाहण्याजोगे आहे. परतताना वेळ उरला तर सिदेमेन खोऱ्यात एंडेक आणि सोंगकेतचे माग आहेत. एंडेक म्हणजे फक्त बाणा रंगवलेले कापड आणि सोंगकेत म्हणजे जरीचे. बाली प्रांताच्या शासनाने २०२१ पासून दर मंगळवारी एंडेक वापरण्याचे परिपत्रक काढले आहे, त्यामुळे तिथल्या कार्यालयांतही तुम्हाला ते अंगावर दिसेल.

दुसरी_बाजू यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, परंतु ‘खरा कारागीर’ आणि ‘दुकानातला कारागीर’ अशी जी रेघ ओढली जात आहे, ती मला फारशी पटत नाही. चेलुकमधील दालनाच्या दाराशी बसून मणी जुळवणारी स्त्रीही तितकीच खरी कारागीर आहे; तिचे काम महिनाअखेरीस पगारावर चालते, एवढेच. दुसरे असे की, आतल्या गल्लीत ज्याच्या घरी आपण न विचारता शिरतो, त्याच्या आवारातच त्याचे कुटुंब राहते आणि त्याच आवारात त्याचे देवघरही असते. भिंतीआड वाजणारी मोगरी हे आत येण्याचे आमंत्रण नव्हे. दाराशी थांबून ‘पेर्मिसी’ (म्हणजे ‘माफ करा’) म्हणावे, वडीलधाऱ्या पुरुषाला ‘पाक’ आणि स्त्रीला ‘इबू’ म्हणावे आणि कुणी हाताने बोलावले तरच आत पाऊल टाकावे. उंबऱ्यापाशी जमिनीवर ठेवलेल्या फुलांच्या छोट्या द्रोणांवर पाय पडू देऊ नये.

काही न घेता बसणे असभ्य का, या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, दहा मिनिटे बसण्यात काही वावगे नाही, पण तासभर बसायचे असेल तर त्या वेळेचे मोल द्यावे. चांदीकाम, लाकूडकाम आणि चित्रकला यांचे अर्ध्या दिवसाचे शिकवणीवर्ग अनेक ठिकाणी चालतात. कोरीवकाम शिकणाऱ्या व्यक्तीने मासमध्ये पैसे देऊन एक सकाळ शिकावे, हे मला चोरून पाहण्यापेक्षा कितीतरी सरळ वाटते.

आणि एक गाव कुणीच सुचवले नाही, याचे आश्चर्य वाटले. क्लुंगकुंगजवळचे कामासान. वायांग म्हणजे छायाबाहुल्यांच्या शैलीतली चित्रे इथे आजही कापडावर रंगवली जातात. कापडाला तांदळाच्या पिठाची खळ देऊन, उन्हात वाळवून ते कवडीने घोटून गुळगुळीत करतात. मुख्य चित्रकार रेखाटन करतो, घरातील इतर मंडळी, त्यांत स्त्रियाही, रंग भरतात आणि शेवटची काळी रेघ पुन्हा सरावलेल्या हाताची असते. म्हणजे एका चित्रावर चार जणांचे हात फिरलेले असतात आणि एकट्या कलावंताची जी कल्पना आपण सोबत घेऊन जातो, ती इथे लागूच पडत नाही. न्योमान मांद्रा यांनी घरीच मुलांना विनामूल्य शिकवून ही शैली पुढच्या पिढीकडे दिली.

कामासानला जाण्यापूर्वी क्लुंगकुंगच्या राजवाड्यातील केर्ता गोसा या न्यायमंडपाचे छत जरूर पाहावे. याच शैलीतल्या त्या चित्रांत भीम आपले वडील पांडू आणि सावत्र आई माद्री यांच्या आत्म्यांना सोडवण्यासाठी नरकात जातो. खाली आरोपी बसत असे आणि वर त्याला पापांच्या शिक्षा दिसत. ही भीमाची कथा आपल्या महाभारतात या रूपात नाही. मराठी माणसाला तिथे ओळखीचे चेहरे अनोळखी गोष्टीत भेटतात. पायऱ्या थोड्याच आहेत.

निळी_घागर यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. शिकवणीवर्गाची सूचना पटली. मासमध्ये तसेच करीन. आईने तेंगानानचे वर्णन दोनदा वाचून घेतले आणि दिवस एक नव्हे, दोन ठेवायला सांगितले आहे. दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. क्लुंगकुंगला जातच आहोत तर त्या परिसरात गामेलानची, म्हणजे तिथल्या पारंपरिक वाद्यवृंदाची, वाद्ये घडवणारे गाव आहे, असे ऐकले. ते पाहता येते का? आणि लाकडी वस्तू घरी आणल्यावर तडकते, हे खरे का?

काशाची_झांज यांचे उत्तर

ते गाव तिहिंगान. क्लुंगकुंगच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर आहे आणि तिथले पांडे कुटुंबीय घंटा, झांजा आणि मोठे गाँग घडवतात. धातू म्हणजे आपले कासेच : साधारण दहा भाग तांब्याला तीन भाग कथील. भट्टीची जागा मुद्दाम अंधारी ठेवलेली असते, कारण तापलेल्या धातूचा रंग पाहूनच घण कधी मारायचा ते ठरते आणि उजेडात तो रंग कळत नाही. एक जण चिमट्याने तबकडी फिरवतो, बाकीचे आळीपाळीने घाव घालतात आणि रंग उतरला की ती पुन्हा आगीत जाते. सकाळी लवकर जावे; उन्हे चढल्यावर भट्टी बहुधा थंड झालेली असते आणि फक्त घासकाम व सूर लावणे चालू असते. अर्थात सूर लावणे हीच मला अधिक रंजक गोष्ट वाटली. वाद्यांच्या जोड्या असतात आणि जोडीतील एकाचा सूर दुसऱ्याहून मुद्दाम किंचित चढा ठेवतात. दोन्ही एकदम वाजली की आवाजात लाटा उठतात. त्याला तिथे ‘ओंबाक’, म्हणजे लाटच, म्हणतात. आपल्या कानाला जे बेसूर वाटेल, ते तिथे नसल्यास वाद्य निर्जीव समजले जाते. शिवाय प्रत्येक संचाचे सूर स्वतंत्र असल्याने एका संचातले वाद्य दुसऱ्यात चालत नाही. आईंना भट्टीजवळ बसवू नका. घणाचा आवाज कानठळ्या बसवणारा असतो.

लाकूड तडकते हे खरे आहे. बालीची हवा दमट आणि पुष्कळ वस्तू पुरत्या न वाळलेल्या लाकडाच्या केलेल्या असतात. कोरड्या हवेत आल्या की ओल झपाट्याने निघून जाते आणि भेगा पडतात. जाड, भरीव वस्तूला धोका जास्त. हातात घेऊन वजन पाहावे, आकारमानाच्या मानाने जड आणि स्पर्शाला गार लागली तर ठेवून द्यावी. घरी आणल्यावर पहिले काही आठवडे कागदात सैल गुंडाळून, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर ठेवावी. कासवाच्या पाठीच्या किंवा हस्तिदंताच्या वस्तूंना कुठेही हात लावू नये, त्यांच्या व्यापारावर बंदी आहे. क्रिस म्हणजे नागमोडी कट्यार घेतलीत, तर ती विमानात जवळ बाळगता येत नाही, सामानातच द्यावी लागते.

कानस यांचे उत्तर

‘दुसरी_बाजू’ यांचा आक्षेप मान्य. कान उघडे ठेवा असे मी लिहिले, तिथेच दाराशी थांबा हेही लिहायला हवे होते.

तिकिटे काढण्यापूर्वी बालीचे पंचांग मात्र जरूर पाहा. गालुंगान आणि त्यानंतर दहा दिवसांनी येणारे कुनिंगान हे सण 210 दिवसांच्या चक्राने येतात, म्हणून दर वर्षी इंग्रजी तारीख वेगळी असते. त्या सुमारास काही दिवस कारागीर आपल्या मूळ गावी आणि देवळात असतात, कार्यशाळा बंद मिळतात. न्येपीच्या, म्हणजे बालीच्या नववर्षाच्या मौनाच्या, दिवशी तर विमानतळासह सारे बेटच बंद असते. उलट तुम्पेक लांदेप हा शनिवार साधता आला तर साधा. त्या दिवशी धातूच्या हत्यारांची पूजा होते. चेलुक आणि तिहिंगानमध्ये काम बंद असले तरी सगळ्या पटाश्या, हातोडे आणि चिमटे धुऊनपुसून नैवेद्यासमोर मांडलेले दिसतात, आणि हल्ली त्यांच्या रांगेत मोटारसायकलीही उभ्या असतात.